खासगी क्लब, म्हणे!

मैत्रिणींनो, ऐका. आज दुपारी शेजारची मालती मला साताऱ्याहून पाचगणीच्या एका बंगल्यात घेऊन गेली. "खासगी क्लब आहे, गुडघेदुखी पळते," म्हणाली.

आत चांगली घरंदाज माणसं चिलीम ओढत बसली होती. गांजा! "घाबरू नका, इथे फक्त मेंबर येतात," मालक म्हणाला. जिमखाना आहे का हा?

मालती तिथेच बसली. मी तडक बाहेर पडले, तर टॅक्सीवाला हसून म्हणतो, "आवं बाई, तुमी बी मेंबर झालासा व्हय?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे!

आता दार वाजलं की पोलीसच आले असं वाटतं. पोलिसांना कळवावं, तर आधी मलाच विचारतील, "तुम्ही तिथे कशाला गेलात?" खरं सांगितलं, तर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही तरी ठेवाल ना?