किंजळीखालचा पातेरा

आमच्या वाडीत कुणाचं चांगलं बोलायचं म्हटलं की लोकांची जीभ जड होते. नावं ठेवायला मात्र सगळ्यांनाच सवड असते. तरी शेवंतीकाकीचं एक कौतुक मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून ऐकत आले: पातेरा झाडावा तर तिनंच.

पातेरा म्हणजे रानात पडलेला सुका पाला. होळीच्या आसपास आम्ही बायका बांबूची दाताळी घेऊन वरच्या रानात जायचो आणि काथ्याच्या जाळ्या भरभरून पाला खाली आणायचो. भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला तो लागतो, गोठ्यात गुरांखाली पसरायला लागतो, उरला तर आंब्याच्या कलमांच्या बुंध्यात जातो. मी झाडायची ते घरात केर काढल्यासारखं, अर्धं इथं अर्धं तिथं. काकी झाडायची तिथं मागं पान राहत नसे, तांबडी खडी तेवढी उघडी पडायची. तिची जागाही ठरलेली होती. रानाच्या कडेला, तिच्या घरामागची चढण संपते तिथं, एक जुनी किंजळ उभी होती. दोघांनी कव घातली तर जेमतेम हात पोचतील असा बुंधा. त्या किंजळीखालचा पातेरा काकीचा, हे सगळी वाडी धरून चालायची.

तिचा नवरा गणपतकाका मोठा गमत्या माणूस. काकी जाळं घेऊन निघाली की पडवीत बसून तिला चिडवायचा. "रानाचा पांघरूण ओढतंस गो तू. थंडी लागली तर रान तुका शोधीत घराकडे येतला."

"येंव दे," काकी मागं न बघता म्हणायची. "तुमची वाकळ देतलंय तेका."

वर्षानुवर्षं हेच दोन संवाद, आणि दर वेळी दोघंही नव्यानं हसायची. मला कधी कधी हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात नवराबायकोत बोलणं म्हणजे गॅस संपला, वीज गेली, एवढंच.

मग तौक्ते वादळ आलं. भर मे महिन्यात धो धो पाऊस आणि वर वारा. काकाची पाडी, म्हणजे लहान गाय, किंजळीच्या सावलीत बांधलेली होती. तिला सोडून आणतो म्हणून काका स्वतःहूनच उठला आणि इरलं डोक्यावर घेऊन वर गेला. पाडी दावं तोडून एकटीच खाली आली. माणसं धावत गेली तेव्हा किंजळ मुळासकट उपटून आडवी झालेली होती आणि काका तिच्याखाली होता.

किंजळ उपटली तेव्हा तिची मुळं वर आली होती. सगळी चपटी, भाकरीसारखी. खाली गेलेलं एकही जाड मूळ नव्हतं. मुळांवर मातीही फारशी नव्हती, होती ती खडी. काका गेल्याच्या दिवशी काकीनं ती मुळं बघितली, आणि तिच्या मनानं जे घेतलं ते घेतलं.

बाराव्याला मी तिच्याजवळ बसले होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी त्या झाडाची मुळां उघडी केलंय. इतकी वर्सां खरवडून खरवडून. माती ऱ्हवलीच नाय तेच्या पायात. ते सांगी होते माका. मी हसान सोडलंय."

मी म्हटलं, "काकी, चेष्टा होती ती."

"चेष्टा होती, पण खरी होती," ती म्हणाली.

त्या वर्षापासून तिनं रानातला पातेरा आणणं बंद केलं. एवढंच केलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ती उलटंच करायला लागली. परसातल्या फणसाचा, आंब्याचा पडलेला पाला गोळा करून टोपलीत भरायची आणि रोज सकाळी चढण चढून किंजळीच्या जागेवर नेऊन पसरायची. स्वतःच्या कलमांना मूठभर ठेवायची नाही. रोपाची जमीनही भाजली नाही, भात आमच्याकडच्या उरलेल्या रोपावर लावलं. वाडीत लोक म्हणायला लागले, शेवंतीला भ्रम झाला. पाणी भरायला जमलेल्या बायकांत एकीनं हे माझ्यासमोर म्हटलं, तेव्हा मी तिची चांगली खरडपट्टी काढली. माझं तोंड वाईट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. कधीतरी ते बऱ्या कामालाही येतं.

एकदा काजू वेचायला मी वर गेले होते, तेव्हा काकी तिथं पाला पसरत होती. तिला मी दिसले नव्हते. ती बोलत होती. "चुकलंय मी," एवढं आधी म्हणाली, जशी देवाला वात लावावी तशी. मग टोपली रिकामी करत करत घरचं सांगायला लागली. पाडी गाभण आहे. नम्रता येत्या शनिवारी कुडाळहून येणार आहे. पेजेत मीठ जास्त पडलं, तर टाकून न देता तशीच प्याले. मधेच थांबायची, कुणी काही म्हणालं असावं तशी, आणि म्हणायची, "रागाव, रागाव. रागावलास तरी आयकतंय मी." जन्मभर ज्याला तुम्ही म्हटलं त्याला ती तिथं एकेरी बोलत होती. मी काजू न वेचताच परत आले. घरी येऊन चुलीपाशी बसून रडले.

नम्रता ही तिची एकुलती एक मुलगी. तिचा जीव खालीवर व्हायचा. आईचे गुडघे गेलेले, चढण निसरडी, पावसात फुरसं आणि काय काय. "वर एकटी पडली तर कळणार कुणाला?" ती मला फोनवर विचारायची. तिनं बरेच उपाय केले, रागावली, रडली, आईला कुडाळला नेऊन ठेवलं. काकी चार दिवसांत परत आली. शेवटी नम्रतानं आपल्या मावसभावाला गळ घातली. ओंकार दापोलीला शेतकी शिकलेला, मातीच्या तपासणीचं काम करतो. त्यानं आईला एकदा नीट समजावून सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

ओंकार दिवाळीनंतर आला. गुणी पोरगा. आल्या आल्या शहाणपण शिकवत बसला नाही, आधी मावशीच्या हातचं घावन खाल्लं, मग म्हणाला, "चल मावशी, तुझी जागा दाखव." मीही गेले, कारण चढताना काकीला हात द्यायला कुणीतरी हवं होतं.

किंजळीच्या खड्ड्याच्या कडेला त्यानं कुदळीनं एक चर खणला. वर चार बोटं काळी माती, काकीनं नेऊन टाकलेल्या पाल्याची झालेली. त्याखाली हातभर तांबडी खडी, सगळे गोटे आणि मधे थोडी माती. त्याखाली पहार मारली तर ठण्णकन वाजली आणि हात झिणझिणले.

"ह्या बघ," तो म्हणाला. "हो थर दगडासारखो घट्ट आसा. मूळ ह्याच्यात शिराक शकणा नाय. म्हणान सगळी मुळां वरच्यावर आडवी पसारली." मग त्यानं चराच्या बाजूला बोट लावलं. पाऊस जाऊन महिना झाला होता, तरी खडी आणि त्या थराच्या मधून पाणी पाझरत होतं. "पाणी पण खाली जाणा नाय. पावसात हय साचान ऱ्हवता. वरची खडी भिजान सैल जाता, आणि वारो इलो की झाड उभ्याउभ्या उलाथता."

काकी त्या ओल्या रेघेकडे बघत राहिली. "पण पातेरो मी झाडलंय," ती म्हणाली.

ओंकारनं कुदळ खाली ठेवली. "देवीच्या रानात चल," तो म्हणाला.

आमच्या देवीच्या रानातलं पान कुणी उचलत नाही. पडलेलं झाडही तिथंच कुजतं. त्याच वादळात तिथली तीन मोठी झाडं पडली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण देवीचं ते देवीचं म्हणून कुणी जवळ जाऊन बघितलं नव्हतं. आम्ही चपला काढून आत गेलो. पाय घोट्यापर्यंत पाल्यात रुतत होते. तिन्ही झाडांची मुळं उभ्या भिंतीसारखी वर आलेली होती आणि तिन्ही तशीच चपटी होती, किंजळीसारखीच.

"हय कोणी पातेरो झाडलो?" ओंकारनं विचारलं. "तू एक पान उचलला नसतंस, तरी ती किंजळ पडलीच असती. तुझो काय एक दोष नाय, मावशी."

काकीनं एका झाडाच्या मुळावरून हात फिरवला, मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याकडे गेली नाही. तिथंच पाल्यात बसली. आम्हाला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल. ती रडली नाही. ओंकारच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "बरा केलंस बाबा, सांगितलंस ता."

दुसऱ्या दिवसापासून ती वर गेली नाही. नम्रताचा फोन आला, तर तिला हुंदका आवरेना. आई सुटली, असं ती म्हणत होती. मलाही तसंच वाटलं. वाडीनंही मान डोलावली, शेवंती ताळ्यावर आली म्हणून. आपल्याला ताळ्यावरची माणसं फार आवडतात.

पण काकीचं जेवण कमी झालं. परसातला पाला पडून राहायला लागला. आम्ही बायका पातेऱ्याला निघालो, तेव्हा मी तिला हाक मारली, पूर्वीसारखी चल म्हणून. तिनं मान हलवली. दिवसभर पडवीत बसायची, काका बसायचा त्या जागी नव्हे, समोर, तो बसला असता तर जिथून दिसला असता तिथं. कुणाशी बोलायची नाही. डॉक्टरनं बघितलं, रक्त तपासलं, टॉनिक दिलं. अंगात काही दुखणं नव्हतं.

एका दुपारी मी तिच्यासाठी सोलकढी घेऊन गेले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे चिडले. म्हटलं, "काकी, एवढा डोक्यावरचा भार उतरला, तरी असं तोंड करून का बसलीस? तुझी चूक नव्हती हे कळलं ना आता?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मला काही कळत नाही याची कीव आल्यासारखं.

"चूक होती तवसर मी रोज वर जाय होतंय," ती म्हणाली. "चुकलंय म्हणी होतंय, ते रागावी होते, मी आयकी होतंय. घरचा सांगी होतंय. आता काय सांगाक जाव? तेंका माझ्यावर रागावाक पण काय उरला नाय." सोलकढीची वाटी तिनं हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "माझ्या हातान गेले, असा वाटत होता, तवसर ते माझे होते गो. आता ते नुसतेच मेले."