चौसष्ट गड्यांची सुट्टी

सेनगावच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा सोमेश्वर कित्येक वर्षं पीएचडी करत होता, म्हणजे मुदतवाढीचे अर्ज करत होता. विषय होता तालुक्याच्या जमिनीखालचं पाणी. अमुक पाऊस पडला तर कोणत्या शिवारातली विहीर कधी आटेल, हे त्याचा प्रोग्राम सांगणार होता. पण एका पावसाचा हिशेब करायला लॅपटॉपला आठवडा लागायचा. अखेर विद्यापीठाने बजावलं: दसऱ्यानंतरच्या सोमवारी निकाल मांडा, नाहीतर नोंदणी रद्द.

सोमेश्वरने सगळं खापर लॅपटॉपवर फोडलं आणि नव्या मशीनसाठी संस्थेचे अध्यक्ष अमृतराव यांना गाठलं. संगणकाच्या आत हिशेब करणारा कोर म्हणजे काय, हे शेतकरी असलेल्या अध्यक्षांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं, पण गडी सोमेश्वरही शेतकऱ्यांच्याच गावचा.

“दादा, माझ्या लॅपटॉपात चार गडी हायत. ह्या मशीनमधी चौसष्ट. रातंदिस राबतेत, चहासुदिक मागत न्हाईत.”

चहा न मागणारे गडी म्हटल्यावर अमृतराव विरघळले. प्रयोगशाळेचं छप्पर आणखी एक वर्ष गळायला मोकळं झालं आणि त्या पैशांत मशीन आलं. मशीनला गारवा हवा आणि कॉलेजात एसी एकच, अध्यक्षांच्या केबिनमध्ये. म्हणून विज्ञानाची स्थापना तिथेच, सत्काराच्या शालींच्या कपाटाशेजारी झाली.

पहिल्याच आठवड्यात कळलं, की प्रोग्राम लॅपटॉपपेक्षाही हळू चालतोय. सोमेश्वरने तो एकाच गड्याच्या बेताने लिहिला होता आणि नव्या मशीनमधला एकेकटा गडी तसा संथच. एक राबायचा, त्रेसष्ट बांधावर बसून बघायचे. विजेचं बिल आल्यावर अमृतरावांनी बोलावून घेतलं.

“सर, बिल तर चौसष्ट जनांचं येऊन राहिलं. काम एकटाच करून राहिला काय?”

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच झोंबला. सोमेश्वरने तालुक्याचे चौसष्ट तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका कोरला दिला. पण पाणी काही बांध ओळखत नाही. प्रत्येकाला घडोघडी शेजाऱ्याला विचारावं लागे, तुझ्याकडून किती आलं? विचारपूस उदंड, काम शून्य. मशीनमध्ये अगदी ग्रामसभा भरली.

शेवटी एकदाचं शहाणपण सुचलं. प्रोग्राम जुनाच, पण पाऊस चौसष्ट तऱ्हेचे, एकेका कोरला एकेक; कुणी कुणाशी बोलायचं नाही. हे मात्र जमलं. काम सुरू झालं, ते दसऱ्याच्या सकाळी संपणार होतं. अर्धवट हिशेब मधूनमधून साठवून ठेवायची सोय होती, पण त्यात थोडा वेळ जातो म्हणून सरांनी ती बंद केली. इतके हुशार ते होतेच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कॉलेजात अवजारांची पूजा. सोमेश्वरने मोठ्या कौतुकाने आईला, द्वारकाबाईंना, गावाहून आणलं. उभा जन्म लोकांच्या वावरात खुरपणी केलेली बाई. चौसष्ट गड्यांची गोष्ट पोराने तिलाही रंगवून सांगितली होती. तिने मशीनला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, पुरणपोळी ठेवली आणि आतल्या घरघरीला कान लावला. सोमेश्वर फोटोसाठी हात जोडून, डोळे मिटून उभा होता. डोळे उघडले तेव्हा घरघर थांबली होती आणि आईच्या हातात प्लग होता.

“आई! काहून काढलं?”

“वरडून काहून राहिला? कसे धापा टाकून राहिले व्हते लेकरं! सनाच्या दिशी तरी सुट्टी दे त्यायला. आमाला कुनी सनासुदीला बी वावरातून सोडलं न्हाई. माझं पोरगं मालक झालं, तर त्यानं तसं करू न्हाई.”

सगळा हिशेब पुसला गेला होता, सोमवारपर्यंत तो पुन्हा होणार नव्हता; तरी सोमेश्वरने आईला रागावणं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाला तरी सुट्टी दिली होती, आणि तिचा चेहरा उजळला होता.

सोमवारी तो लॅपटॉपवर पूर्वी काढलेला एकाच पावसाचा निकाल घेऊन समितीपुढे उभा राहिला. चौसष्ट कोर असताना एकच का, याचं खरं उत्तर तिथे देण्यासारखं नव्हतं. नोंदणी रद्द झाली. मशीनवर आता अध्यक्षांच्या वाढदिवसाचे फोटो सरकत असतात.

आईला त्याने काही सांगितलं नाही. ती फोनवर न चुकता विचारते, “गडी बरे हायत ना रे?”

“बरे हायत, आई. आराम करून राहिलेत.”

“व्हय? लई पुण्य लागंल तुला,” ती म्हणते.