वीतभर माया

सहा पोरांचा बाप म्हटलं की लोक आधी बोटं मोजतात आणि मग कीव करतात. मास्तरांना दोन्हींचा वैताग होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात मागच्या खोलीत बसून ते गिऱ्हाइकांचे कपडे बेतायचे. पगार बेताचा, आणि एकदा ठरला तो ठरलाच. पोरं मात्र वाढायची थांबत नव्हती. मालक हसत म्हणायचे, "मास्तर, एवढा संसार रेटता, म्हणजे माया बरीच जमवलेली दिसते."

जमवली होतीच. फक्त ती सगळी शिवणीच्या आत होती.

कपडा पुढे वाढवता यावा म्हणून आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला या धंद्यात माया म्हणतात. गिऱ्हाइकाच्या कपड्यात मास्तर बोटभर माया ठेवत, घरच्या कपड्यात वीतभर. माप घ्यायचं ते फक्त थोरलीचं, तेही वाढत्या अंगाचं. मग तिचा फ्रॉक आवळत, उसवत, पुन्हा सोडत एकेकीच्या अंगावरून खाली यायचा. थोरलीला तो बुजगावण्याच्या सदऱ्यासारखा लोंबायचा, मधल्यांना जेमतेम बसायचा, आणि धाकटीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा मूळ रंग कोणता यावर घरात वाद व्हायचा. मास्तरांना या युक्तीचा भारी अभिमान. "कापड वाया घालवणारा आणि दारू ढोसणारा, दोघांत मला काही फरक दिसत नाही," असं ते बायकोला ऐकवत. तिला ऐकवायची गरजच नव्हती. साबणाची वडी दोऱ्याने कापून वाटणारी बाई ती.

धाकटीला घरात शेंडेफळ म्हणत. गळा गोड. शाळेच्या कार्यक्रमात एकटीने गायला बाईंनी तिची निवड केली, आणि ती घरी येऊन म्हणाली, "मी गाणार नाही."

"का गं?" आईने विचारलं.

"माझ्या फ्रॉकवर रेघा आहेत."

होत्याच. घेर सोडला की जुन्या दुमडीच्या जागी रेघ राहते, कितीही इस्त्री फिरवा. वर्गातल्या पोरींनी त्या मोजल्या होत्या, आणि कोणती रेघ कोणत्या ताईची, हेही तिला विचारलं होतं.

हे कानावर आलं तसं मास्तरांनी बसने जाणं सोडलं, दुकानापर्यंत पायपीट केली आणि एके दिवशी निळं कापड आणलं. कोरं.

"ये, माप घेऊ दे."

शेंडेफळ श्वास रोखून ताठ उभं राहिलं. टेप खांद्यावर टेकला आणि मास्तरांचा हात थबकला. गावभरच्या गिऱ्हाइकांची मापं तोंडपाठ असलेल्या या माणसाने पोटच्या पोरीचं माप आजवर घेतलंच नव्हतं. तिचा उजवा खांदा जरा उतरलेला होता, दप्तराच्या बाजूचा. दप्तरही थोरलीचंच. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाने ते एवढंच म्हणाले, "हलू नकोस."

फ्रॉक असा बसला की बहिणी बघतच राहिल्या. शेंडेफळाने एक गिरकी घेतली, आणि मग सवयीने घेर उलटा करून पाहिला. आत वीतभर माया होती. मास्तरांच्या हाताने डोक्याला न विचारता आपलं नेहमीचं काम उरकलं होतं.

"बाबा, ही कुणासाठी ठेवलीत?"

आईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "अहो, कुणासाठी?" तिने दबक्या आवाजात विचारलं. तिची शंका वेगळी होती, सातव्याची.

मास्तर कानकोंडे झाले. "कुणासाठी नाही. चुकलं माझं," म्हणत त्यांनी उठून मोठी कात्री आणली. वीतभर चांगलं कापड कापून फेकायचं, असली उधळपट्टी त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. पण या फ्रॉकवर रेघ पडू द्यायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

कात्री लागणार तोच पोरीने घेर मुठीत धरला.

"राहू द्या बाबा. पुढच्या वर्षी सोडा."

"अगं, रेघ दिसेल."

"दिसू दे. ती माझी असेल."

मग ती आरशासमोर गेली आणि गाणं म्हणायला लागली. मास्तर हातात कात्री धरून ऐकत बसले.