बगळ्याच्या पायातला केस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी दुसरी एकही गोष्ट लपलेली नाही, मग हीच कशी लपली याचं मला नवल वाटतं. सोळा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की मी हटकून दुसरंच बोलतो. कापसाच्या भावाचं, एसटीच्या वेळेचं.

आधी सावड सांगायला हवी. ज्याच्याकडं एकच बैल असतो, तो दुसऱ्या एकबैल्या माणसाशी जोडी लावतो. चार दिवस जोडी तुझ्या रानात, चार दिवस माझ्या. कागद नाही, साक्षीदार नाही. दिवसाला दिवस. माझा बगळ्या — नावासारखाच पांढरा, अंगानं हलका — आणि लक्ष्मणचा तांबडा. सात वर्षं दोघं एका जुवाखाली चालले.

लक्ष्मण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला लखूदा म्हणायचो. तो बौद्धवाड्यातला, मी गावातला. रानात हा फरक आठवायचा नाही — असं मी म्हणतो. त्याला आठवत असेल. माझ्या घरी तो ओट्याखाली बसायचा, आणि मी कधी त्याला वर ये म्हटलं नाही. हीसुद्धा कबुलीच आहे म्हणा. पण मी सांगायला बसलोय ती ही नव्हे.

ते वर्ष विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला ते. मराठवाड्यात तेव्हा काय काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, आणि आम्ही अजून ते मोठेपणानं सांगतो. फक्त बौद्धवाड्याला दुकानातून मीठ मिळेनासं झालं. मग गिरणीत त्यांचं दळण घेईनात. मग गोष्ट बैलांवर आली.

तोवर माझे चार दिवस उरकले होते. दोन दिवस वखर, दोन दिवस तिफण. टाळकी ज्वारी पेरून झाली होती. तिफणीच्या चाड्यावर कौसावैनी होती, लखूदाची बायको. तिच्या मुठीतून बी असं सुटायचं की उगवल्यावर ओळीत कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. दुसऱ्या दिवशी जोडी लखूदाच्या रानात जायची होती. त्याचं साडेतीन एकर, सगळं काळं रान. ओल अजून होती, पण रब्बीची ओल ती. रोज बोटभर खाली जाते. आठ दिवसांत पेर झाली तर झाली.

त्या दुपारी पारावर अण्णांनी मला थांबवलं. गावात शब्द त्यांचाच चालायचा.

"काय दत्ता, त्याच्या बैलाचा वास लय गोड लागायलाय का तुझ्या बैलाला?"

बसलेले हसले. मीही हसलो — हे लिहून ठेवतो.

"उद्यापास्नं जू सोडायचं. न्हाईतर पोरीच्या लग्नात मांडवाच्या मेढी तुलाच एकट्याला रोवाव्या लागतील, सांगून ठिवतो."

माझी पोरगी तेव्हा पाळण्यात होती.

दोनच वाटा होत्या, नाही का? अण्णांना नाही म्हणायचं, किंवा लखूदाला तोंडावर सांगायचं की मी भितो. दुसरीसुद्धा सरळच होती. त्यानं मला सोडून दुसरी काही तजवीज केली असती, वेळ होता. पण मला तिसरी वाट सुचली. आणि सुचली तेव्हा — हेच सगळ्यात जड जातंय — मला आनंद झाला. दोघांना एका झटक्यात बनवायचं, दोघांनाही मी त्यांचाच वाटलो पाहिजे. डोकं म्हणतात ते हेच, असं वाटलं.

गुरांच्या बाजारात एका दलालाकडून ऐकलं होतं. घोड्याच्या शेपटीचा केस खुराच्या वर, सांध्याला, आवळून बांधला की जनावर लंगडतं. केसांत केस, कुणाला दिसत नाही. सकाळी उठून मी बगळ्याच्या पुढच्या पायाला पांढरा केस बांधला. त्यानं पाय झटकला नाही. मीच बांधतोय म्हणून निमूट उभा राहिला.

मग पारावर गेलो. अण्णांच्या कानाशी लागून सांगितलं — तोडलं, बैल लंगडा झालाय म्हणून सांगणार हाय, भांडण न्हाई तंटा न्हाई. अण्णांनी पाठीवर थाप मारली. "डोस्क्याचा हायस बे तू!" ती थाप मला किती दिवस पुरली म्हणून सांगू? लाज वाटण्याइतके दिवस.

परत आलो तर लखूदा तांबड्याला घेऊन दारात उभा. बगळ्या तीन पायांवर.

"आरं, ह्याला काय झालं?"

"काय की. सकाळपास्नं पाय टेकवना."

मला वाटलं तो चिडेल, किंवा संशयानं बघेल. दोन्हींची तयारी मी करून ठेवली होती. त्यानं तांबड्याचा कासरा खुंटीला अडकवला, खाली बसला आणि बगळ्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. आमच्या पंचक्रोशीत गुरांना हात लावावा तर लखूदानं. खूर दाबून बघितला, बेचकीत बोट घातलं, मग अंगठा वर सरकवत सांध्यापाशी आणला. तिथं तो अंगठा थांबला. मला तसं दिसलं.

"हितं हाताला ऊन लागायलंय," तो म्हणाला. "लिंबाचा पाला उकळून आणतो. तू पाणी दाखव त्याला तवर."

तो पाल्याला गेला आणि मी विळ्यानं केस कापला. पण केस मांसात रुतला होता. पाय सुजला तो सुजलाच. मी रचलेलं लंगडणं आता खरं झालं होतं.

लखूदा सहा दिवस येत राहिला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. कढत पाण्याचा शेक, हळद, वर एरंडाचं पान. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बोलत न्हाई ते जनावर, पर घाबरलंय कशाला तरी." तो माझा बैल बरा करत होता आणि शिवेपलीकडं त्याच्या रानातली ओल खाली चालली होती. मधेच उठून तो रानात जायचा, माती मुठीत दाबून बघायचा, परत यायचा. मुठीत काय आलं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. सातव्या दिवशी बगळ्यानं पाय टेकला, पण जू ओढण्याजोगा तो अजून नव्हता. बौद्धवाड्यात जोड्या दोनच. त्यांची स्वतःची पेर उरकेपर्यंत लखूदाच्या रानाला भेगा पडल्या. त्यानं आणि कौसावैनीनं कुदळीनं टोबून पट्टाभर करडई लावली, तेवढीच. माझी टाळकी त्या वर्षी कमरेच्या वर गेली होती. ओळीत कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही.

उन्हाळ्यात तांबडा बाजारात गेला. लखूदा बायकापोरांसह परभणीला गेला, तिकडं कृषी विद्यापीठाच्या फार्मावर रोजंदारीनं बैलांकडं राहिला. जाताना बगळ्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला.

इतकी वर्षं मी कशावर काढली, सांगू? त्या अंगठ्यावर. तो थांबला होता. म्हणजे त्याला कळलं होतं. कळूनही तो बोलला नाही, म्हणजे त्यानं मनातल्या मनात मला सोडून दिलं. एवढ्या हुशार हाताला केस लागला नसेल असं होईल का? मी स्वतःला हे इतक्यांदा सांगितलं की हळूहळू त्यात माझी आणि लखूदाची एक मुकी समजूतच झाल्यासारखी झाली. फसवलेला माणूस आतून जाणून असतो, असं फसवणाऱ्याला फार वाटत असतं. त्याला ते हवं असतं.

यंदा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या आठवड्यात मी परभणीला कचेरीच्या कामाला गेलो होतो. स्टेशनच्या रस्त्यानं गुलाल, निळे झेंडे. कडेनं चाललो होतो तर मागून हाक आली, "दत्तूभाऊ!" कौसावैनी. केस पांढरे झालेले, हातात पेढ्याचा पुडा. लखूदा दोन वर्षांपूर्वी गेल्याचं तिनंच सांगितलं. मला माहीत नव्हतं — आणि का माहीत नव्हतं? परभणी काही लांब नाही.

"घ्या, तोंड गोड करा," ती म्हणाली. "ते असते तर पैला तुमालाच दिला असता. मरस्तोवर म्हणायचे, गावानं तोडलं पर दत्तूनं न्हाई तोडलं. बैलच लंगडला, त्याला त्यो काय करील?"

मी पेढा हातात धरून उभा.

"त्यांचा चुलतभाऊ न्हाई का, शिरपती? त्यो म्हणला हुता, लखू, तुला बनवलंय त्यानं. तवापास्नं ह्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. दोघं एका ताटात जेवलेले. शेवटाला त्यो दवाखान्यात आला, तर ह्यांनी भिताडाकडं तोंड केलं."

म्हणजे अंगठा थांबला नव्हता. किंवा थांबला असेल आणि केस लागलाही असेल, पण तो केस मी बांधला असेल हे त्याच्या मनात येऊच शकलं नाही. मी कुणावर मात केली होती? फसवायला डोकं लागतं असं मी समजत होतो. त्याला काही लागत नाही. समोरच्यानं आधीच सगळं तुमच्या हाती दिलेलं असतं. बगळ्यानं पाय दिला होता तसं.

तिथं, त्या रस्त्यावर, मला बोलता आलं असतं. कौसावैनी समोर होती. मी पेढा खाल्ला. चांगला आहे म्हणालो. ती म्हणाली, "एकदा घरी या." मी हो म्हणालो आणि गाडी चुकेल म्हणून निघालो. गाडीला दोन तास होते.

बगळ्या कधीच गेला. अण्णाही गेले. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवाच्या मेढी रोवायला अर्धा गाव आला होता.

शिरपती आहे. गावातच असतो. डोळ्यांनी अधू झालाय. रानात जाताना त्याच्या दारावरूनच वाट आहे, आणि पायाच्या आवाजावरून तो मला ओळखतो. "दत्तू का?" विचारतो. मी "हां" म्हणतो आणि पुढं होतो.

लखूदाचे चार दिवस माझ्याकडं आहेत. आणि शिरपती तेव्हा खरं बोलला होता, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.