सुई न टेकवता

जगन ओव्हाळ यांच्याकडे वडिलांच्या छातीचा एक एक्स-रे आहे. तो गोल कापलेला आहे आणि मधोमध खिळ्याएवढं भोक आहे. उजेडाकडे धरला की बरगड्या अजून दिसतात. वडील त्या दुखण्यातून उठले आणि पुढे अकरा वर्षं जगले, त्यामुळे एक्स-रेचं काम संपलं होतं. १९७९ साली जगननानांनी तो रेकॉर्डच्या मशिनीवर टाकायला घेतला.

तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. भोरच्या एका लाउडस्पीकरवाल्याकडे पाच वर्षं काढून त्यांनी स्वतःचा संच केला. दोन कर्णे, एक अँप्लिफायर आणि दोन रेकॉर्ड प्लेअर. दोन कशाला, असं लोक विचारत. एकच असला तर गाणं संपलं की रेकॉर्ड उतरवून दुसरी चढवेपर्यंत वरातीतले नाचणारे पाय थांबत. कुणी पाणी प्यायला जाई, कुणी जुनं भांडण उकरून काढी. दोन असले तर मधली शांतता टाळता येई. दुसरी रेकॉर्ड फिरत्या थाळीवर बोटाने अडवून धरायची, सुई गाण्याच्या तोंडाशी टेकवायची आणि पहिल्या गाण्याच्या शेवटच्या ठेक्यावर बोट उचलायचं. बोटाखाली रेकॉर्ड थांबावी आणि थाळी मात्र फिरत राहावी, म्हणून मधे गुळगुळीत एक्स-रे. पण फार गुळगुळीतही चालत नाही. बोट उचलल्यावरसुद्धा रेकॉर्ड घसरत राहते आणि गाणं झोपेतून उठल्यासारखं सुरू होतं. त्यासाठी एक्स-रेवर सायकलच्या ट्यूबचे तीन बारीक तुकडे चिकटवलेले. दुसऱ्या मशिनीवरचा एक्स-रे कुणा अनोळखी माणसाच्या मांडीचा होता.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते याला ‘जोडून वाजवणं’ म्हणत. हिर्डोशीपासून वेल्ह्यापर्यंत लग्नं, गावजत्रा, चौदा एप्रिलची मिरवणूक, सगळीकडे त्यांचा संच जाई. मग कॅसेट आल्या. जोडून वाजवायची गरज उरली नाही. १९९३ मध्ये नानांनी शेवटची वरात वाजवली आणि भाताच्या दोन खाचरांकडे लक्ष घातलं.

रेकॉर्डी त्यांनी जपून ठेवल्या. नानांच्या गावात, हिर्डोशीत, पावसाचे चार महिने भिंतींना पाणी सुटतं, चपलेला बुरशी येते. बियाणं, घोंगड्या, सुकी मासळी, जे काही टिकवायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. घरातली सर्वांत कोरडी जागा तीच. एकशे चौसष्ट रेकॉर्डी तिथे गेल्या, वाशाला टेकवून तिरक्या ठेवलेल्या. खाली रोज दोन वेळा चूल पेटत राहिली. तीस वर्षं.

गेल्या जानेवारीत पुतण्या सम्राट आला. त्याचा भोरमध्ये डीजेचा धंदा आहे. टेम्पो, मोठे स्पीकर, लॅपटॉप, सगळं आहे.

“नाना, जुन्या रेकॉर्डी हायत का अजून?”

“माळ्यावर हायत.”

“आन् मशिनी?”

“त्या बी हायत. एकीवर तुझ्या काकूनं मिरचीचा डबा ठेवलाय.”

“तवापास्नं तिनंच काय ते काम केलं,” कमळाबाई आतून म्हणाल्या. त्या नानांच्या पत्नी.

सम्राटचं काम असं होतं. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवर पुण्याचे लोक शनिवारी येतात. तिथले कार्यक्रम ठरवणाऱ्या अश्विनीबाईंना रेकॉर्ड वाजवणारा माणूस हवा होता. सात-आठ मिनिटं, संध्याकाळी. सम्राटने चुलत्याचं नाव सांगून टाकलं होतं.

सम्राट गेल्यावर नानांनी माळ्याला शिडी लावली.

रेकॉर्डी खाली आल्या तेव्हा त्यांच्यावर धुराचा चिकट थर होता. तो निघाला. वाक निघण्यातला नव्हता. सुतार फळी बघतो तशी एकेक रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरून त्यांनी तपासली. काही बशीसारख्या झाल्या होत्या, काहींच्या कडा लाटांसारख्या वरखाली होत होत्या. सरळ निघाल्या सात, त्याही मधोमध असलेल्या, दोन्हीकडून दाबलेल्या.

नानांनी खिडकीच्या दोन काचा काढल्या, मधे एक वाकडी रेकॉर्ड घालून अंगणात उन्हात ठेवली, वर तांदळाचं पोतं.

“लोकं पापड वाळवत्यात,” कमळाबाई म्हणाल्या.

“ही सरळ व्हती का बघतोय.”

“तीस वर्सं माझ्या चुलीचा धूर खाल्लाय तिनं. आता तुमचं ऐकंल व्हय?”

रेकॉर्ड सरळ झाली. वाजवली तेव्हा गायिकेच्या तोंडात भाकरीचा घास असल्यासारखा आवाज आला. उन्हाने रेघा बोथट झाल्या होत्या. दुसरी काचेला चिकटली. तिसरीची कड आणखी दुमडली. चौथी त्यांनी लावली नाही.

उरल्या सात. जोडून वाजवायला दोन पुरतात. नानांनी हळदीचं एक गाणं आणि मिरवणुकीचं एक गाणं निवडलं, भोरहून सुया आणल्या, ट्यूबचे नवे तुकडे कापले. तीन आठवडे रोज दुपारी जेवण झाल्यावर ओसरीवर त्यांनी तेवढाच सराव केला. एक संपतंय, दुसरं सुरू. पहिल्या आठवड्यात बोट उशिरा उचललं जाई. तिसऱ्या आठवड्यात दहापैकी नऊ वेळा जमू लागलं.

“एवढं काय त्याच्यात?” कमळाबाईंनी एकदा विचारलं.

“म्या हे करायचो, ते कुणाला दिसलंच न्हाई कधी,” नाना म्हणाले. “लोकं नाचत व्हती. गाणं थांबलं तरच माझ्याकडं बगायची. एकदा बघू दे की.”

फेब्रुवारीतल्या शनिवारी सम्राटचा टेम्पो त्यांना घेऊन गेला. सात चांगल्या रेकॉर्डी कमळाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून नानांच्या मांडीवर होत्या. शोभेसाठी म्हणून सम्राटने वाकड्या रेकॉर्डींचं खोकंही मागे टाकलं होतं.

पाण्याकडच्या बाजूला लाकडी फळ्यांचा उंच मंच होता. चार वाजता त्यांनी वाजवून बघितलं. हळदीचं गाणं सुरू झालं आणि सम्राटच्या स्पीकरमधून पहिला ठेका पडताच फळ्या हादरल्या. सुई उडाली आणि तीन रेघा पुढे जाऊन पडली.

नानांनी सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. हा जुना उपाय. सुई उडायची थांबली. पण दुसऱ्या मशिनीवर त्यांनी बोट उचललं तेव्हा नाण्याच्या वजनाने सुईच रेकॉर्डला अडवून धरू लागली. रेकॉर्ड एक्स-रेवर घसरली, गाणं रेंगाळत सुरू झालं. नाणं काढलं तर सुई उडे, ठेवलं तर रेकॉर्ड घसरे. त्यांनी नाणं बदलून आठ आण्याचं ठेवलं. तेव्हा सुईही उडाली आणि रेकॉर्डही घसरली. मशिनीखाली घडी करून लुगडं घातलं. स्पीकर लांब नेता येतील का, असं विचारलं. पाहुण्यांच्या खुर्च्या तिथे होत्या.

घरी ओसरीला शहाबादी फरशी होती. ती हादरत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

अकराव्या वेळी अश्विनीबाई जवळ आल्या. त्या बराच वेळ लांब उभ्या राहून बघत होत्या.

“काका, टेन्शन घेऊ नका. तुम्ही फक्त हात ठेवा. आवाज लॅपटॉपवरून देऊ.”

नानांनी सम्राटकडे बघितलं. सम्राट केबल गुंडाळत होता.

“दोन्ही गाणी हायत माझ्याकडं,” तो म्हणाला. “जोडून देतो. मशीनच जोडतंय ते आता. कुणाला कळायचं न्हाई, नाना.”

“मला कळंल की.”

“तुमाला तर कळणारच.”

नानांनी दोन्ही मशिनींच्या सुया वर उचलून अडकवून ठेवल्या.

अश्विनीबाईंनी खोक्यातून दोन रेकॉर्डी निवडल्या. सर्वांत वाकड्या. “या ठेवा. फिरताना मस्त हलतात, लाइट पडल्यावर व्हिडिओत छान दिसतं.” सरळ रेकॉर्डी लुगड्यातच राहिल्या.

साडेसहाला कार्यक्रम झाला. शंभरेक माणसं होती आणि सगळी नानांकडेच बघत होती. रेकॉर्डी लाटेसारख्या वरखाली होत फिरत होत्या. हळदीचं गाणं संपत आलं, नानांनी दुसरी रेकॉर्ड बोटाने अडवून धरली आणि शेवटच्या ठेक्यावर बोट उचललं. बरोब्बर. रेकॉर्ड जराही घसरली नाही. नाणं नव्हतं, सुई टेकलेली नव्हती, घसरण्यासारखं काही नव्हतंच. गाणं लॅपटॉपवर त्याच क्षणी बदललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर धरले. एका माणसाने जवळ येऊन सांगितलं, की खऱ्या रेकॉर्डचा आवाज लगेच ओळखू येतो, त्यात एक ऊब असते.

“व्हय,” नाना म्हणाले.

टेम्पो हिर्डोशीला पोहोचेपर्यंत सम्राट एकच वाक्य बोलला. बोट वेळेवर उचललं होतं, असं.

तेव्हापासून नाना नऊ वेळा भाटघरला गेले आहेत. आता सुया बसवलेल्याच नसतात; गर्दीत मोडायला नकोत, म्हणून सम्राटने काढून ठेवल्या. माळ्यावरच्या वाकड्या रेकॉर्डी पाळीपाळीने जातात. पाहुणे फोटो काढून घेतात. ओसरीवरचा सराव बंद आहे.

मेच्या शेवटी, पावसाळ्याआधी घर आवरताना कमळाबाईंना खाटेखाली लुगड्याचं गाठोडं सापडलं.

“ह्या चांगल्या सात. कुठं ठेवू?”

“दे हिकडं.”

नाना शिडी चढले आणि त्यांनी गाठोडं सोडून सातही रेकॉर्डी माळ्यावर वाशाला टेकवून ठेवल्या. तिरक्या, जिथे पहिल्या होत्या तिथेच.

“अवो, तिथं वाकत्याल की!”

“वाकू दे. तसल्याच लागत्यात.”

ते खाली उतरले, शिडी भिंतीला लावली. भाकरीची वेळ झाली होती. कमळाबाईंनी चुलीत काटक्या सारल्या.