खाऱ्या वाऱ्यातले कॉम्प्युटर

चूक माझ्या बाबांची. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी कुणाला "जाऊ दे रे, मोठी माणसं आहेत" म्हणायची सोय राहणार नाही.

समुद्रकाठच्या थळच्या आसपास मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकान नाही. एक बाइक, एक स्क्रूड्रायव्हर, एक रंगाचा ब्रश, बस्स. कुणाचंही कॅबिनेट उघडा, आत धूळ, मुंग्या, पालीची अंडी असं काय काय साठलेलं असतं. किस्सेही तसेच साठतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. झाकण उघडेपर्यंत पत्ताही नसतो.

आणि आमच्याकडे कॉम्प्युटर आहेत म्हाताऱ्यांकडे! लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाली तेव्हा घराघरात नातवंडांसाठी कॉम्प्युटरचे डबे आले. पुढे नातवंडं मोबाइलवर गेली, मुंबई-पनवेलला गेली. डबे राहिले, आजी-आजोबा राहिले. आणि दोघांना सांभाळायला मी राहिलो.

मला राहायचं नव्हतं. डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला, पण थ्रीडी ॲनिमेशन स्वतःचं स्वतः शिकलो. पुण्याच्या एका स्टुडिओनं सांगितलं होतं, "डिग्री नको. एक छोटी फिल्म करून पाठव. आवडली तर ये." मी करत होतो. रेवसहून भाऊच्या धक्क्याला निघालेली लाँच आणि तिच्या मागे पावाच्या तुकड्यांसाठी लागलेले पक्षी. ती फिल्म पोचली असती तर आज हे लिहीत बसलो नसतो.

* * *

पहिला मान गुरुजींचा. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. म्हणजे मारलं.

एके सकाळी फोन. "अरे, हा नुसता ओरडतोय. पडदा काळा. मी काहीही केलेलं नाही!"

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. "मी काहीही केलेलं नाही." खरंच आहे म्हणा. आयुष्यभर काही केलं नाही, आता कॉम्प्युटरला कशाला करतील?

पडदा काळा आणि आतून बीप-बीप, म्हणजे बहुतेक वेळा रॅमची पट्टी. समुद्र जवळ असला की खारं वारं तिच्या सोनेरी दातांवर बसतं. इलाज सोपा. प्लग काढायचा, पट्टी बाहेर घ्यायची, पांढऱ्या खोडरबरानं दात हलके पुसायचे, आणि दोन्ही कडांची क्लिप कट्ट वाजेपर्यंत पट्टी परत दाबायची. दुकानदार याला 'मदरबोर्ड गेला' म्हणतो.

मी म्हटलं, "गुरुजी, खोडरबर द्या."

गुरुजींनी टेबलाचे खण बघितले, कपाट बघितलं, बायकोला हाक मारली. नाही! सगळी हयात शाळेत गेलेल्या माणसाच्या घरात खोडरबर नाही!

"मी मुलांना खोडू दिलंच नाही कधी," गुरुजी म्हणाले. "चुकलं की छडी."

शेजारच्या घरातून रबर आणलं. मशीन चालू झालं. गुरुजी म्हणाले, "एवढं येतं तुला. शिकला असतास तर काहीतरी झालं असतं."

* * *

नारायणमामांची नारळाची वाडी आहे. वाडीत चार खोल्या बांधून त्याला ते होमस्टे म्हणतात. मुंबईचे पाहुणे येतात, समुद्र बघतात आणि नेट नाही म्हणून भांडतात.

"भाच्या, नेटचा पैसा भरलाय, पण खोलीत नेट पोचत न्हाय."

"राउटर कुठाय मामा?"

मामांनी कमरेची चावी काढली. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. मामींच्या शालूंच्या घडीवर राउटर बसला होता. हिरवे दिवे लुकलुकत होते.

"कुलपात?"

"मग! नेट चोरीला जातं म्हणतात ना."

मी डोक्याला हात लावला. लोकहो, राउटर उंचावर ठेवा, उघड्यावर ठेवा, घराच्या मध्यावर ठेवा. लोखंडी कपाटात आणि फ्रिजच्या मागे ठेवू नका. चोरी थांबवायची तर पासवर्ड बदला, आणि तो नातवाच्या नावाचा ठेवू नका. त्या नातवाचं नाव गेटवर लिहिलेलं आहे!

मामा नाराज झाले. "म्हणजे कपाट उघडं ठेवू? आत मामीचे दागिने हायत."

"कपाट नाही हो, राउटर बाहेर काढा."

"वायर भिंतीतून घेतलीय. राउटर हितंच ऱ्हानार. कपाट उघडं ठेवतो, दागिने हलवतो."

"कुठे?"

"ते तुला कशाला?"

* * *

पांडुकाका लाँचवर खलाशी होते. उभा जन्म दोर फेकण्यात गेला. परवा त्यांच्या पडद्यावर लाल खिडकी आली, भोंगा वाजला: कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा. काकांनी ताबडतोब केला!

मी योगायोगानं तिथे पोचलो तेव्हा काका ताठ उभं राहून फोनवर बोलत होते. "येस सर. व्हय सर. ॲप टाकतो सर." मी आधी नेटची वायर उपटली, मग त्यांच्या हातातला फोन घेऊन कट केला.

एकदाच सांगतो, कापून भिंतीला चिकटवा. घाबरवणाऱ्या खिडकीत फोन नंबर असेल तर तो चोराचा. कुठलीही कंपनी तुमच्या पडद्यावर भोंगा वाजवत नाही. नेट तोडा, ऑल्ट आणि एफ-फोर एकत्र दाबा, नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरा. आणि फोनवरचा माणूस म्हणाला म्हणून कुठलंही ॲप टाकू नका. ते ॲप टाकलं की तो तुमच्या खुर्चीत बसला.

काकांचं काही गेलं नव्हतं. तरी काका माझ्यावर भडकले.

"फोन का कापलास?"

"काका, चोर होता तो."

"असंल! पन मना 'सर' म्हनत व्हता. जल्मात कोन म्हनला न्हाय. तू मना काय म्हनतोस? मागनं म्हातारा म्हनतोस ना?"

म्हणतो.

* * *

दसऱ्याला शस्त्रं पुजतात. आमच्याकडे होडीचं इंजीन, गाडी, मिक्सर आणि आता कॉम्प्युटर. हिरूकाकी मासळी विकते. तिच्याकडे दसरा झाला की तिचा डबा घरघर करायला लागतो आणि मला बोलावणं येतं.

या वेळी उघडला. पंख्यात अक्षता. झेंडूच्या पाकळ्या. हळद. ते ठीक, दरवर्षीचं आहे. पंखा बोटानं धरून ठेवायचा, कोरड्या ब्रशनं झाडायचं, तोंडानं फुंकर मारायची नाही, ओलं फडकं तर अजिबात नाही. पण मुंग्या! रांगच्या रांग सीडी-ड्राइव्हमध्ये चालली होती. ट्रे बाहेर काढला तर त्यावर चपटा झालेला पेढा.

"काकी! हे काय?"

"परसाद."

"यात?"

"मी काय करू? पूजा करताना बटण दाबलं गेलं, त्यानं हात पुढं केला. देवाच्या कामात हात पुढं केला त्याला रिकामा पाठवू व्हय?" आणि आवाज खाली आणून, "ठेवल्याबरोबर आत घेतला रं त्यानं. देवसुदा घेत न्हाय असा!"

* * *

आता पुन्हा गुरुजी. त्यांचा डबा रोज दुपारी आपोआप बंद पडायचा. रात्री नीट, सकाळी नीट, दुपारी ढप्प.

गेलो. कॉम्प्युटर दिसेचना. जाड प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर त्यांच्या बायकोनं विणलेला रुमाल, त्यावर पितळी गणपती. फक्त पडद्यापुरती खिडकी कापलेली. आणि आत मशीन चालू!

किनाऱ्यावरच्या माणसांना वेगळं सांगायला नको. दुपारी समुद्राकडून वारं सुटलं की आमच्याकडे सगळं झाकतात. टीव्ही, फ्रिज, शिलाई मशीन, बाइक. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड खाल्लेलं प्रत्येकानं पाहिलंय. झाकणं म्हणजे माया.

"गुरुजी, चालू असताना झाकायचं नसतं. आतली गरम हवा बाहेर कुठून जाणार?"

"अरे, झोपलेला माणूससुद्धा पांघरूण घेतो."

"तो झोपलेला नाही गुरुजी, तो काम करतोय! तुम्हाला पांघरुणात गुंडाळून शाळेत पाठवलं असतं तर?"

त्या संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर सगळे जमले होते. मी तिथे उभं राहून भाषणच दिलं. कॉम्प्युटर बंद करा, थंड होऊ द्या, मग खुशाल झाका. चालू असताना वर रुमालसुद्धा नको. मागची जाळी भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक जण सोडून. मी तोंड उघडल्याबरोबर बाबा कट्ट्यावरून उठले आणि घरी गेले.

ते नेहमीच जातात. मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. एका घरात राहतो, एका ताटलीतली भाकरी घेतो. बोलणं आईमार्फत. "त्याला सांग, गॅसवाला येऊन गेला." मी समोर बसलेला असतो!

* * *

फिल्म तयार झाली. आता रेंडर. म्हणजे कॉम्प्युटरनं एकेक चित्र शिजवून बाहेर काढायचं. त्यात माझ्या चित्रांत समुद्र. पाणी काढायला कॉम्प्युटर जीव देतो. माझ्या डब्यात जुनं घेतलेलं एक ग्राफिक्स कार्ड होतं, सगळा खेळ त्याच्यावर. गावातल्या बाकीच्या सगळ्या डब्यांना एकत्र जुंपलं असतं तरी त्यांनी त्यातला एक पक्षी काढला नसता. मूळ फाइलच्या दोन कॉपी मी दोन पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या. तुम्हीही ठेवा. मशीन मात्र एकच होतं, आणि ते रविवारी रात्रीपर्यंत अखंड चालायला हवं होतं. सोमवारी सकाळी पुण्याला फिल्म द्यायची होती.

मी आईला म्हटलं, "त्यांना सांग, रविवारपर्यंत या कॉम्प्युटरचं बटण कुणी दाबायचं नाही. वीजबिल आलं तरी नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. माझं पुण्याचं काम आहे यावर."

बाबा ओटीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ऐकलं म्हणावं."

बाबा कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होते. कुणी हात लावता कामा नये, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम.

शनिवार दुपारपर्यंत अर्धा समुद्र शिजला होता. लाँच रेवसहून सुटली होती. तेवढ्यात नारायणमामांचा फोन. प्रिंटर कागद अडकवतोय, पाहुणे पावती मागतायत, आत्ताच्या आत्ता ये. गेलो. आधी प्लग काढला, मग कागदाचा ट्रे बाहेर ओढला. कागद अडकला की तो ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं हळू ओढायचा, उलटा नाही. मी हळू ओढला. कागद आला. कागदाच्या मागोमाग मामींची बोरमाळ आली.

मामा म्हणाले, "सापडली व्हय! हिला काल सांगितलं, चोरीला गेली म्हणून."

येताना बाइकवर मी एकटाच हसत होतो. वाटलं, हा किस्सा बाबांना सांगावा. आईमार्फत. समुद्राकडून वारं जोरात सुटलं होतं, तोंडावर मीठ बसत होतं.

घरात शिरलो तर जळकट वास. माझ्या खोलीत बाबा खुर्ची टाकून बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर, गेटवर बसायचे तसे. समोर माझा कॉम्प्युटर. त्यावर नवं कोरं प्लॅस्टिक, त्यावर त्यांची स्वतःची चादर. चारी बाजूंनी नीट खोचलेली.

मी चादर ओढली. जाळीवर प्लॅस्टिक वितळून चिकटलं होतं. पडदा काळा.

बाबा उठून उभे राहिले. माझ्याकडे बघून बोलले. आईकडे नाही, माझ्याकडे.

"खारा वारा सुटला व्हता. म्हणून झाकला फक्त. बटणाला हात लावला न्हाय मी. कुणाला लावू दिला न्हाय."

ग्राफिक्स कार्ड जळालं. सोमवारी फिल्म गेली नाही. पुण्याची जागा दुसऱ्या मुलाला मिळाली.