पिकअपचा आवाज

आमच्या जुन्या पिकअपमधून विचित्र आवाज यायला लागला. माझ्या यजमानांनी जन्मभर गाड्यांची दुखणी नुसत्या कानांनी ओळखली, पण गेल्या वर्षभरात त्यांचे कानच गेले.

इंजिन चालू ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं. "कसा येतोय आवाज?"

मी तोंडानं कर्रकर्र करून दाखवलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. "जरा मोठ्यानं," म्हणाले. मी ओरडून पुन्हा केलं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली.

आपल्याला ऐकू येणारं दुसऱ्याच्या कानात घालता येत नाही, इतकी वर्षं एका घरात राहूनही नाही.

"बेअरिंग असेल," ते म्हणाले. आम्हा दोघांनाही ते पटलं नाही.

बॉनेट त्यांच्या हातून निसटून धाडकन आपटलं. मी दचकले. ते शांतपणे हात पुसत होते.